टाइम-सीरिज टेबलाचा स्कीमा बदलण्याआधी: चाचणीचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेतल्या फाउंड्र्या, चिकोडी-अथणी पट्ट्यातले साखर कारखाने, खानापूरकडचे पंप आणि पाण्याच्या टाक्या: अशा ठिकाणचा सेन्सरचा डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आणि त्यावर बसणाऱ्या, वेळेनुसार येणाऱ्या डेटासाठीच्या टाइमस्केलडीबीमध्ये साठवणाऱ्या लहान टीमसाठी हा लेख आहे. टेबलाची रचना, म्हणजे स्कीमा, बदलायची वेळ येते: एक कॉलम वाढवायचा असतो किंवा एखाद्याचा प्रकार बदलायचा असतो. कोणीतरी लॅपटॉपवर रिकामं टेबल बनवतं, ऑल्टर टेबलची आज्ञा देतं, ती डोळ्याचं पातं लवायच्या आत पूर्ण होते आणि ‘टेस्ट झाली’ असा निरोप जातो. मग तीच आज्ञा चालू कारखान्याच्या सर्व्हरवर दिली की डेटा येणं थांबतं, डॅशबोर्ड रिकामे दिसतात किंवा डिस्क भरते.

चालू सर्व्हरवर जे असतं ते लॅपटॉपवर नसतं. तिथे जुने चंक, म्हणजे टेबलाचे काळानुसार पाडलेले तुकडे असतात, त्यांतले काही कॉम्प्रेस झालेले असतात. टेबलावर आधारलेले तासाचे आणि दिवसाचे सारांश असतात, सेन्सरचा डेटा गोळा करून सेकंदासेकंदाला लिहिणारे गेटवे असतात, सकाळपासून उघडी राहिलेली कनेक्शन असतात. बदल बिघडतो तो यांतल्या कशाशी तरी गाठ पडल्यावर. त्यामुळे या सगळ्यांच्या उपस्थितीत घेतली तीच चाचणी खरी, असं धरूनच पुढचा क्रम लावला आहे.

उदाहरणासाठी एक टेबल घेऊ. नाव ‘मोजणी’, कॉलम पाच: वेळ, यंत्र, तापमान, दाब आणि युनिट. करायचे बदल दोन. पहिला, ‘दर्जा’ नावाचा नवा कॉलम: वाचन खरं आहे, की सेन्सर बंद असताना अंदाजाने भरलं आहे, हे सांगणारा. दुसरा, वीज मीटरच्या ‘युनिट’ कॉलमचा प्रकार रिअलवरून डबल प्रिसिजन करणं.

दुसऱ्या बदलामागचं कारण खरं आहे. रिअलमध्ये साधारण सहा अंकांचीच अचूकता मिळते आणि १,६७,७७,२१६ च्या पुढचे सगळे पूर्णांक त्यात मावत नाहीत. १,६७,७७,२१७ लिहिलं तर १,६७,७७,२१६ साठवलं जातं आणि चूक कुठेच नोंदली जात नाही. सतत वाढत जाणाऱ्या मीटरच्या आकड्याला हा प्रकार मुळातच नको होता.

टप्पा १: बदल कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवा

आज्ञा एकाच ओळीची दिसली, तरी आतमध्ये होणारं काम फार वेगवेगळं असतं. ते आधी ओळखलं की कोणत्या चाचणीवर किती वेळ घालवायचा ते ठरतं.

काही बदल फक्त टेबलाच्या माहितीत होतात, ओळींना हात लागत नाही. डीफॉल्ट नसलेला नवा कॉलम या जातीचा. पोस्टग्रेस ११ पासून स्थिर डीफॉल्ट असलेला कॉलमही याच जातीत आला. पण डीफॉल्ट दर ओळीला बदलणारा असेल, म्हणजे रँडम आकडा किंवा नवा यूयूआयडी, तर सगळं टेबल पुन्हा लिहिलं जातं. व्हारचारची मर्यादा २० वरून ५० केली तर पुनर्लेखन होत नाही. इंटिजरचा बिगइंट केला किंवा रिअलचा डबल केला तर होतं.

काही बदलांत पुनर्लेखन नसतं, पण प्रत्येक ओळ वाचली जाते. रिकामी किंमत चालणार नाही अशी अट घालणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मोठ्या टेबलावर हे वाचनही लांबतं आणि तेवढा वेळ टेबलावर लॉक, म्हणजे इतरांना अडवणारं कुलूप, धरलेलं राहतं.

हायपरटेबलचे, म्हणजे टाइमस्केलडीबीने चंकमध्ये विभागलेल्या टेबलाचे, स्वतःचे नियम वेगळे. युनिक इंडेक्स आणि प्रायमरी कीमध्ये वेळेचा कॉलम असावाच लागतो. साध्या टेबलावर चालणारी ‘क्रिएट इंडेक्स कन्करंटली’ ही आज्ञा हायपरटेबलवर चालत नाही. त्याऐवजी दर चंकला वेगळं ट्रान्झॅक्शन (एकत्र पूर्ण होणारा किंवा एकत्र रद्द होणारा आज्ञांचा गट) घेण्याचा पर्याय द्यावा लागतो. कॉम्प्रेशन चालू असेल तर नवा कॉलम घालता येतो, कॉलमचं नावही बदलता येतं, पण प्रकार बदलायला गेलं की नकार मिळतो. कॉम्प्रेशनची मांडणी ज्या कॉलमवर केली आहे, म्हणजे सेगमेंट-बाय आणि ऑर्डर-बायचे कॉलम, ते काढताही येत नाहीत. टाइमस्केलडीबीच्या आवृत्तीगणिक ही यादी बदलत आली आहे, म्हणून तुमच्या सर्व्हरवरची नेमकी आवृत्ती कागदावर लिहून घ्या आणि चाचणी त्याच आवृत्तीवर करा.

म्हणजे आपल्या उदाहरणात ‘दर्जा’ सोपा आहे. ‘युनिट’चा प्रकार जागच्या जागी बदलणं कॉम्प्रेशनमुळे शक्यच नाही. लॅपटॉपवरच्या टेबलाला कॉम्प्रेशन नव्हतं, म्हणून तिथे हे कळलं नाही.

तपासणी: प्रत्येक बदलासमोर तीन उत्तरं लिहिलेली हवीत. ओळी पुन्हा लिहिल्या जातात का, सगळ्या ओळी वाचल्या जातात का, आणि कॉम्प्रेस झालेल्या चंकवर ही आज्ञा चालते का.

टप्पा २: या टेबलाला कोण कोण हात लावतं

या यादीचा कंटाळा केला जातो आणि पुढे निम्मा त्रास इथूनच येतो.

आधी डेटाबेसच्या आत पाहा: व्ह्यू, ट्रिगर, फंक्शन, कंटिन्युअस ॲग्रिगेट म्हणजे आपोआप ताजे होणारे सारांश, आणि वेळापत्रकावर चालणारे जॉब. टाइमस्केलडीबीच्या माहितीच्या व्ह्यूंमध्ये हायपरटेबल, चंक, ॲग्रिगेट आणि जॉब या सगळ्यांची यादी मिळते. मग बाहेर पाहा: गेटवेवरचा लिहिणारा प्रोग्राम, ग्राफानाचे डॅशबोर्ड, महिन्याचा रिपोर्ट काढणारी स्क्रिप्ट, आणि ऑफिसमध्ये कोणीतरी एक्सेलमधून थेट जोडलेलं कनेक्शन. शेवटचं यादीत सहसा नसतं. अकाउंट्समध्ये जाऊन विचारा.

लिहिणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामचा कोड उघडून एकच गोष्ट बघा: इन्सर्ट करताना कॉलमांची नावं दिली आहेत का. नावं नसतील तर किमती डावीकडून उजवीकडे क्रमाने बसतात. एक कॉलम वाढला तर इन्सर्ट चालून जातो, पण कॉलमांची यादी न देता कॉपी ही एकगठ्ठा भरण्याची आज्ञा वापरणारा प्रोग्राम तिथेच अडतो. याहून वाईट अवस्था एक कॉलम काढून दुसरा घातल्यावर येते. कॉलमांची संख्या तीच राहते, नवा कॉलम शेवटी जातो, मधल्या किमती एकेक घर सरकतात. युनिटच्या कॉलममध्ये दाब बसतो. दोन्ही आकडेच असल्यामुळे डेटाबेस तक्रार करत नाही.

> सावधान: कॉलमांची नावं न देता लिहिणारा एकही प्रोग्राम उरला असेल तर पुढच्या टप्प्याला जाऊ नका. आधी तो सुधारून चालू सर्व्हरवर बसवा, दोन दिवस चालू द्या, मगच स्कीमाकडे वळा.

‘सिलेक्ट स्टार’ असलेल्या, म्हणजे सगळे कॉलम मागणाऱ्या, क्वेरीही वेगळ्या काढून ठेवा. त्यांचं काम टप्पा ६ मध्ये आहे.

टप्पा ३: चाचणीची प्रत

लहान डेटाबेस असेल तर सगळा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा. पोस्टग्रेसची आणि टाइमस्केलडीबीची आवृत्ती तीच ठेवा. उतरवण्याआधी प्री-रिस्टोअर आणि नंतर पोस्ट-रिस्टोअर ही टाइमस्केलडीबीची दोन फंक्शन चालवायची असतात. ती विसरली तर प्रत अर्धवट राहते.

आणि इथेच एक चूक फार ठिकाणी होते. प्रत उतरली की तिच्यातले जॉबही जागे होतात. त्यांत रिटेन्शनचा जॉब असतो. तो आजच्या तारखेवरून मोजतो आणि ‘जुने’ चंक प्रतीतून काढून टाकतो. जो जुना डेटा तपासण्यासाठी प्रत बनवली, तोच चाचणीआधी गायब होतो आणि चाचणी छान पार पडते. म्हणून पोस्ट-रिस्टोअर झाल्याबरोबर त्याच सेशनमध्ये ऑल्टर-जॉब फंक्शनने सगळे जॉब थांबवा आणि चंकची संख्या मूळ सर्व्हरशी ताडून पाहा. कमी भरली तर प्रत पुन्हा उतरवा.

डेटाबेस मोठा असेल तर सगळा आणणं परवडत नाही. मग स्कीमा तोच बनवून निवडक काळाचा डेटा आणा: सर्वांत जुना कॉम्प्रेस झालेला काळ, मधला एखादा महिना, आणि ताजे, अजून कॉम्प्रेस न झालेले दिवस. जुन्या काळाचे चंक हाताने कॉम्प्रेस करा. साखर कारखान्याचा डेटा असेल तर गळीत हंगामातला आठवडा हवाच. ऑफ-सीझनमध्ये बॉयलर, मिल, टर्बाइन बंद असताना टेबल जेवढं शांत असतं तेवढं हंगामात नसतं, आणि पावसाळ्यातल्या आठवड्यावर घेतलेली चाचणी नोव्हेंबरात उपयोगी पडत नाही.

अशा निवडक प्रतीच्या दोन मर्यादा लक्षात ठेवा. एक, चंकची संख्या कमी असते. हायपरटेबलवरची आज्ञा प्रत्येक चंकवर लॉक घेते. चंक हजारोंनी असतील तर लॉकची जागा संपते आणि ‘मॅक्स लॉक्स पर ट्रान्झॅक्शन’ वाढवा असा संदेश येऊन आज्ञा पडते. या सेटिंगची मूळ किंमत ६४ असते. वीस चंकच्या प्रतीवर हे कधीच दिसणार नाही, म्हणून प्रतीत चंकचा काळ मुद्दाम लहान ठेवून संख्या मूळ सर्व्हरएवढी करा, आत ओळी थोड्या असल्या तरी चालतील. दुसरी मर्यादा: नव्याने बनवलेल्या टेबलात पूर्वी काढून टाकलेल्या कॉलमांच्या खुणा नसतात, मूळ टेबलात त्या असतात. त्यामुळे शेवटची रंगीत तालीम शक्य असेल तर फायलींच्या पातळीवर घेतलेल्या प्रतीवर करा.

तपासणी: प्रतीत किमान एक कॉम्प्रेस्ड चंक, एक साधा चंक, सगळे ॲग्रिगेट आणि थांबवलेले जॉब दिसले पाहिजेत. प्रतीवर लिहिणारं युजरनेम आणि पासवर्ड मूळ सर्व्हरपेक्षा वेगळं असावं. एका चुकीच्या खिडकीत टाइप केलेली आज्ञा थेट कारखान्यात जायला नको.

टप्पा ४: आधीचे आकडे लिहून ठेवा

बदलानंतर ‘सगळं ठीक दिसतंय’ असं म्हणता येण्यासाठी आधी काय होतं ते हवं. दर दिवसाला आणि दर यंत्राला ओळींची संख्या, प्रत्येक आकड्याच्या कॉलमची किमान आणि कमाल किंमत, रिकाम्या किमतींची संख्या आणि बेरीज घ्या. हे सगळं वेगळ्या टेबलात साठवा, म्हणजे नंतर एकाच क्वेरीने फरक निघेल.

बेरजेवर एकट्या विसंबू नका. दशांश आकड्यांची बेरीज ओळी कोणत्या क्रमाने वाचल्या यावर शेवटच्या अंकात बदलू शकते. शंका आली तर एका दिवसाच्या ओळी जुन्या आणि नव्या टेबलातून घेऊन ‘एक्सेप्ट’ने वजा करा, उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे खरा फरक.

यंत्राची किंवा गावाची नावं टेक्स्टमध्ये असतील तर वेगवेगळ्या नावांची यादीही याच वेळी काढा. आपल्या भागात तीन लिप्यांत नावं लिहिली जातात, आणि बेळगाव शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाल्यामुळे जुन्या व नव्या उपकरणांत एकाच ठिकाणाची दोन-तीन रूपं सापडतात. ती एकत्र करायची असतील तर तो वेगळा बदल समजा. स्कीमाच्या बदलातच डेटाची साफसफाई मिसळली की फरक कशामुळे पडला ते सांगता येत नाही.

टप्पा ५: आधी एकट्याने चालवा

पहिली फेरी प्रतीवर, कोणी लिहीत-वाचत नसताना. पोस्टग्रेसमध्ये बहुतेक स्कीमा-बदल ट्रान्झॅक्शनमध्ये बसतात. बिगिन करा, आज्ञा द्या, निकाल पाहा आणि रोलबॅक करून सगळं मागे घ्या. हवं तितक्या वेळा करता येतं.

या फेरीत तीन गोष्टी मोजा.

वेळ. आज्ञेला लागलेला वेळ नोंदवा, पण चाचणीचं मशीन एसएसडीवर आणि कारखान्याचा सर्व्हर जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो आकडा विसरा.

पुनर्लेखन झालं का. टेबलाच्या फायलीचा क्रमांक, म्हणजे रिलेशन-फाइलनोड, आधी आणि नंतर पाहा. तो बदलला तर टेबल पुन्हा लिहिलं गेलं. हायपरटेबलच्या बाबतीत हा क्रमांक मूळ टेबलाचा पाहून काही कळत नाही, कारण ओळी तिथे नसतातच. चंकचा क्रमांक पाहा, आणि एक नाही, जुना व नवा असे दोन्ही.

डिस्क. पुनर्लेखनात जुन्या फायली ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत जागेवरच असतात आणि नव्या त्यांच्या शेजारी बनतात. सगळे चंक एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये असल्यामुळे जवळपास सगळ्या टेबलाएवढी मोकळी जागा लागते, शिवाय वॉल फायलींची, म्हणजे बदलांच्या नोंदवहीची, वेगळी. कॉम्प्रेशन उघडून प्रकार बदलायचा बेत असेल तर हिशेब उघडलेल्या आकाराने करा, कॉम्प्रेस झालेल्या आकाराने नाही.

‘युनिट’साठी मी हा बेत सुचवणार नाही. त्याऐवजी ‘युनिट_नवं’ असा डबल प्रिसिजनचा, रिकामा चालेल असा कॉलम वाढवा, लिहिणाऱ्या प्रोग्रामला काही दिवस दोन्हीत लिहायला लावा आणि वाचताना कोअलेस वापरून आधी नवं, ते नसेल तर जुनं घ्या. जुन्या किमती नव्या कॉलममध्ये भरत बसण्यात फारसा अर्थ नाही. रिअलमध्ये हरवलेले अंक डबलमध्ये नेऊन परत येत नाहीत. उलट रिअलमधलं ०.१ डबलमध्ये नेलं की ०.१०००००००१४९०११६१२ दिसायला लागतं आणि रिपोर्ट बघणारा साहेब विचारतो की हे काय. जुना डेटा भरायचाच असेल तर किंमत आधी टेक्स्ट करून मग डबल करा, म्हणजे निदान ०.१ हे ०.१ राहील.

टप्पा ६: वाहत्या डेटात चालवा

सर्वांत महत्त्वाची चाचणी ही, आणि सर्वांत जास्त वगळली जाणारीही हीच.

समजा ६०० सेन्सर दर ५ सेकंदांनी एक ओळ पाठवतात. म्हणजे सेकंदाला १२० ओळी, दिवसाला १,०३,६८,०००. टाइमस्केलडीबीचा चंक काही न सांगितल्यास ७ दिवसांचा असतो, तेव्हा एका चंकमध्ये सात कोटींहून जास्त ओळी. एक छोटी स्क्रिप्ट लिहून याच वेगाने प्रतीत डेटा ओता. दुसऱ्या बाजूने डॅशबोर्डच्या खऱ्या क्वेरी दर काही सेकंदांनी चालवा. आता बदल करा.

काय बघायचं? ऑल्टर टेबलला बहुतेक वेळा सर्वांत कडक लॉक लागतं, ते असताना कोणी वाचूही शकत नाही. आज्ञा स्वतः क्षणात संपणारी असली तरी लॉक मिळण्यासाठी तिला थांबावं लागतं, आणि ती थांबली की तिच्यामागे आलेले सगळे इन्सर्ट आणि सिलेक्टही थांबतात. हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यावर एक ट्रॅक्टर अडून राहिला की मागची सगळी रांग खोळंबते, तसंच. पुढे कोण आहे? महिन्याचा रिपोर्ट, दहा मिनिटं चालणारा. किंवा डीबीव्हर या डेटाबेस पाहण्याच्या प्रोग्राममध्ये कोणीतरी बिगिन करून तसाच सोडून जेवायला गेलेला.

ही स्थिती मुद्दाम तयार करा:

१. पहिल्या सेशनमध्ये ट्रान्झॅक्शन उघडा, टेबलावर एक सिलेक्ट चालवा आणि कमिट करू नका.
२. दुसऱ्या सेशनमध्ये ऑल्टर टेबल द्या. ते थांबेल.
३. तिसऱ्यात इन्सर्ट करा. तोही थांबेल.
४. चौथ्यात पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटी आणि पीजी-ब्लॉकिंग-पिड्स वापरून कोण कोणामुळे थांबलंय ते ओळखा. चालू सर्व्हरवर हेच करायचं आहे, तेव्हा हात बसू द्या.

मग दुसऱ्या सेशनमध्ये लॉक टाइमआउट ३ सेकंदांचा ठेवून पुन्हा करा. या वेळी ऑल्टर हार मानेल आणि मागची रांग मोकळी होईल. बदलाची स्क्रिप्ट अशीच हवी: थोडा वेळ वाट पाहणारी, न जमल्यास सोडून देणारी, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करणारी.

> सावधान: लॉक टाइमआउट म्हणजे लॉकची वाट पाहण्याची मर्यादा. लॉक मिळाल्यावर आज्ञा किती वेळ चालेल यावर त्याचा ताबा नाही. पुनर्लेखन करणारी आज्ञा लॉक मिळवून तासभर बसू शकते.

आता कनेक्शनचा भाग. चाचणीआधी ॲप आणि डॅशबोर्ड पुन्हा सुरू करू नका. आधीपासून उघडी असलेली कनेक्शनच तपासायची आहेत. ज्यांनी ‘सिलेक्ट स्टार’ची क्वेरी प्रिपेअर करून ठेवली आहे, त्यांना कॉलम बदलल्यावर ‘साठवलेल्या प्लॅनच्या निकालाचा प्रकार बदलता येत नाही’ अशा अर्थाची चूक मिळते. ॲप रीस्टार्ट करून तपासणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. कोणती ॲप स्वतःहून सावरतात आणि कोणती हाताने रीस्टार्ट करावी लागतात, याची यादी बदलाच्या दिवशी जवळ हवी.

तपासणी: ओतलेल्या ओळी आणि टेबलात पोचलेल्या ओळी मोजा. फरक शून्य हवा. गेटवे खोळंबलेल्या ओळी स्वतःकडे धरून पुन्हा पाठवतो की टाकून देतो, हे इथेच कळतं.

टप्पा ७: उशिरा येणारा डेटा आणि सारांश

पावसाळ्यात खानापूर, कणकुंबीकडे लाईट किंवा नेटवर्क गेलं की गेटवे वाचनं धरून ठेवतो आणि जोडणी आल्यावर एकदम पाठवतो. यातल्या काही ओळी कॉम्प्रेस झालेल्या चंकच्या काळातल्या असतात. शिवाय त्या जुन्या आकारात असतात, कारण गेटवेवरचा प्रोग्राम अजून बदललेला नाही. म्हणून बदलानंतर प्रतीवर मुद्दाम जुन्या तारखेच्या, जुन्या आकाराच्या ओळी घाला. ‘दर्जा’वर तुम्ही ‘रिकामा चालणार नाही’ अशी अट डीफॉल्टशिवाय घातली असेल, तर नेमक्या याच ओळी नाकारल्या जातील.

कॉम्प्रेस्ड चंकमधल्या ओळी अपडेट करून नवा कॉलम भरायचा असेल तर तेही करून पाहा. एका ट्रान्झॅक्शनमध्ये किती ओळी उघडता येतील याची मर्यादा असते, मूळ किंमत १,००,०००. दहा हजार ओळींच्या चाचणीत ती लागत नाही, खऱ्या डेटावर पहिल्याच मिनिटाला लागते. मर्यादा काढून टाकण्यापेक्षा काळाचे लहान तुकडे करून भरा.

आता कंटिन्युअस ॲग्रिगेट. मूळ टेबलात कॉलम वाढला म्हणून सारांशात तो येत नाही. ॲग्रिगेट वापरत असलेला कॉलम काढायला किंवा त्याचा प्रकार बदलायला गेलात तर डेटाबेस अडवतो, आणि काढताना सूचना देतो की कॅस्केड वापरा. ती सूचना मानू नका. कॅस्केडने सारांशच जातो, आणि कच्चा डेटा रिटेन्शनमुळे आधीच काढलेला असेल तर तो सारांश पुन्हा कधीच बनवता येत नाही. कच्चा डेटा ९० दिवस आणि तासाचे सारांश काही वर्षं अशी मांडणी असेल, तर एका आज्ञेत कित्येक हंगामांची नोंद पुसली जाते.

योग्य क्रम असा: जुना सारांश तसाच ठेवा, नव्या कॉलमसह दुसरा ॲग्रिगेट वेगळ्या नावाने बनवा, कच्चा डेटा आहे तेवढ्याच काळावर तो ताजा करा, आणि दोन्ही जोडणारा व्ह्यू डॅशबोर्डला द्या. जोडाच्या तारखेला ओळी दुप्पट होत नाहीत ना, ते मोजा. ताजं करण्याची आज्ञा काळाच्या सीमा न देता चालवू नका. कच्चा डेटा काढून टाकलेल्या काळावर ती चालली तर तिथला सारांशही रिकामा होऊ शकतो.

टप्पा ८: वेळेचा कॉलम बदलत असाल तर

बदल वेळेच्या कॉलमला शिवत नसेल तर हा टप्पा सोडा.

टाइमझोन नसलेल्या वेळेवरून टाइमझोनसह वेळेवर जायचं असेल तर पोस्टग्रेस सेशनच्या टाइमझोनप्रमाणे अर्थ लावतो. टेबलात भारतीय वेळ आणि सेशन यूटीसीमध्ये असेल तर प्रत्येक ओळ साडेपाच तासांनी सरकते. सकाळी ६ ची पाळी ११:३० ला सुरू झालेली दिसते. चूक म्हणून काहीच नोंदलं जात नाही. रूपांतरात आशिया/कोलकाता हा झोन स्पष्ट लिहा आणि ज्याची वेळ शिफ्टच्या वहीत हाताने लिहिली आहे अशी एखादी घटना शोधून ताडून पाहा: लाईट गेलेली वेळ, भट्टी बंद पडलेली वेळ.

टाइम-बकेट, म्हणजे वेळेचे ठरावीक तुकडे पाडणारं फंक्शन, त्याचे तुकडेही तपासा. टाइमझोनसह कॉलमवर झोन न सांगता दिवसाचा बकेट केला तर तो पहाटे ५:३० ला सुरू होतो. तासाचा बकेटही यूटीसीच्या तासाला धरून असल्यामुळे आपल्याकडे ५:३०, ६:३०, ७:३० असा पडतो. ६ ते २ च्या पाळीचे युनिट मोजताना दोन्ही टोकांचा अर्धा अर्धा तास चुकीच्या घरात जातो. फंक्शनला झोन दिला की हे सुटतं.

वेळेचा कॉलम हा हायपरटेबलचा कणा आहे. माझं मत विचाराल तर तो जागच्या जागी बदलू नका. नवी हायपरटेबल बनवा आणि एकेका आठवड्याचा डेटा हलवून, मोजून, पुढे जा.

टप्पा ९: परतीची स्क्रिप्ट, तीही चालवून पाहिलेली

प्रत्येक बदलासोबत उलट बदल लिहा आणि तो प्रतीवर चालवा. मात्र बदल झाल्याबरोबर लगेच नाही. बदल करा, नव्या आकाराच्या ओळी तासभर ओता आणि मग मागे या. त्या तासाच्या ओळींचं काय होतं, हा प्रश्न आहे. कॉलम काढून मागे आलात तर त्यातल्या किमती जातात. त्या चालणार नसतील तर परतीच्या स्क्रिप्टने आधी त्या दुसऱ्या टेबलात हलवल्या पाहिजेत.

परत येताना जुना प्रोग्राम जुन्या टेबलावर चालतो का, तेही बघा. त्यासाठी प्रोग्रामची जुनी आवृत्ती हाताशी ठेवलेली हवी.

टप्पा १०: चालू सर्व्हरवर

क्रम बदलू नका:

१. ताजा बॅकअप घ्या आणि तो दुसरीकडे उतरवून उघडतो का ते पाहा.
२. कॉम्प्रेशन, रिटेन्शन आणि ॲग्रिगेटचे जॉब थांबवा. त्यांचे क्रमांक लिहून ठेवा.
३. मोठी ट्रान्झॅक्शन आणि रिकामी उघडी राहिलेली सेशन शोधा. ज्याचं आहे त्याला फोन करा, मगच बंद करा.
४. लॉक टाइमआउट लावून फक्त वाढवणारा बदल करा: नवा कॉलम, नवा ॲग्रिगेट.
५. लिहिणारे प्रोग्राम बदला. आधी एकाच गेटवेवर, मग बाकीच्यांवर.
६. वाचणारे बदला.
७. जॉब पुन्हा सुरू करा आणि पहिली कॉम्प्रेशनची फेरी समोर बसून बघा.
८. टप्पा ४ चे आकडे पुन्हा काढून फरक पाहा.

काही काढून टाकणारा बदल या यादीत नाही. जुना ‘युनिट’ कॉलम त्याच दिवशी काढू नका. निदान एक महिनाअखेरीचा रिपोर्ट आणि साखर कारखाना असेल तर हंगामाचा हिशेब नव्या कॉलमवर निघू द्या. त्या काळात जुना कॉलम कोण वाचतंय ते पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्समध्ये शोधा. कोणी वाचत नाही असं दिसलं की आधी लिहिणं थांबवा, आठवडाभर थांबा, आणि मग कॅस्केड न लावता काढा. डेटाबेसने अडवलं तर अजून कोणीतरी त्यावर उभं आहे. टप्पा २ ची यादी काढून त्यात ते नाव घाला.